नागपुरात बसून पोलंडच्या स्पीडवे लीगचा सीझन कसा फॉलो करायचा

स्पीडवे म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाइक रेस. आधी वेळेचं गणित पक्कं करा भाऊ, उन्हाळ्यात पोलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं राहते, म्हणजे तिथली संध्याकाळी ६ ची मॅच आपल्याकडे रात्री साडेनऊला, जेवण आटोपून कूलरसमोर निवांत बसता येते. सीझन एप्रिलमध्ये सुरू. एकस्ट्रालिगात, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ८ टीम, प्रत्येकीशी एकदा घरी एकदा बाहेर.

वही-पेन घ्याच. एका मॅचमध्ये १५ हीट, म्हणजे छोट्या रेस, प्रत्येक हीटमध्ये ४ रायडर, ४ लॅप, एखाद मिनिटात खेळ खल्लास. पॉइंट ३-२-१-०. लाल-निळं हेल्मेट होम टीमचं, पांढरं-पिवळं पाहुण्यांचं. एका टीमचे ४६ पॉइंट झाले की मॅच खिशात.

नजर मात्र पहिल्या वळणावरच ठेवा, ५०० सीसीची गाडी, ब्रेकच नाही, मागचं चाक बाहेर फेकलेलं अन् डाव्या बुटाखालचं स्टील मातीवर घासत चौघं एकदम आत घुसतात, खरी मजा इथंच आहे बाप्पा!

टीम ठरत नसेल तर लुब्लिन घ्या, २०२२ ते २०२४ सलग तीनदा चॅम्पियन. आणि एकाच टीमशी झालेल्या घरच्या-बाहेरच्या दोन्ही मॅच मिळून ज्याचे पॉइंट जास्त त्याला लीगच्या टेबलात वरून बोनस पॉइंट मिळते, म्हणून हरलेल्या मॅचचा स्कोअरही वहीत राहू द्या.