पाटणादेवीच्या रानात रेंज गेली तरी वाट सापडेल

पाटणादेवीहून कन्हेरगडाकडे निघणार असाल तर नकाशा चाळीसगावातच डाउनलोड करा. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीपुरता, पायी मार्ग तो दाखवत नाही. ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये पायवाटा तुटक रेषेने दिसतात. आपली वाट त्यात आहे ना, घरीच बघा.

जीपीएसला रेंज लागत नाही. लोकेशन चालू ठेवून फोन फ्लाइट मोडवर टाका, रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. देवळापाशीच ट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, सुरू करा, परतताना तीच रेषा धरा.

नाल्यात, कड्याखाली सिग्नल खडकावर आपटून येतो, निळा ठिपका २०-३० मीटर सहज सरकतो. भोवतीचं फिकट वर्तुळ मोठं झालं की थांबा, मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर उभे राहा. मे महिन्यात फोन उन्हात धरू नका, तापून बंद पडतो.