कार्यालयात आलेल्या मालाची तपासणी आणि साठा नोंद कशी करावी

पुरवठादाराचा टेम्पो कार्यालयाच्या दारात लागला की चालकाला मालासोबतच्या चलनावर (पाठवलेल्या मालाच्या यादीवर) सही हवी असते आणि तीही लगेच. अशा वेळी पेट्या मोजून, चलनावर ‘इतक्या बंद पेट्या मिळाल्या, तपासणी बाकी’ असा शेरा लिहून, तारखेसह सही करावी. ‘माल सुस्थितीत प्राप्त’ असा तयार शिक्का पेटी न उघडताच मारण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. मात्र एकदा तो उमटला की पुढे माल परत करताना पुरवठादार तेच चलन पुढे करतो.

तपासणीच्या वेळी पुरवठा आदेशाची प्रत हातात असावी. माल चलनाशी जुळतो, एवढे पाहून भागत नाही, कारण चलन पुरवठादारानेच लिहिलेले असते. शक्य असेल तेथे खरेदीचा प्रस्ताव मांडणाऱ्या कर्मचाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे हे काम द्यावे. कागदाचे उदाहरण घ्या: आदेश 75 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाच्या कागदाचा) असेल, तर 500 पानांच्या ए4 रिमचे वजन वेष्टन वगळून सुमारे 2.34 किलो भरायला हवे, ते 2.18 किलोच्या आसपास भरले, तर आलेला कागद 70 जीएसएमचा आहे. एका साध्या वजनकाट्याने उघड होणारी ही गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. संगणक असेल तर तो सुरू करून रॅम आणि साठवण क्षमता पडद्यावर वाचावी, अनुक्रमांक टिपून घ्यावा. औषधांच्या बाबतीत बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख प्रत्येक खोक्यावर पाहावी, केवळ वरच्या खोक्यावर नव्हे. ज्या यंत्रसामग्रीची पारख कार्यालयातील कोणालाच नाही, तिच्यासाठी तांत्रिक अधिकाऱ्याचा लेखी अहवाल घ्यावा.

शंभर नग मागवले आणि ब्याण्णवच योग्य निघाले, तर ब्याण्णवच स्वीकारावेत, उरलेल्यांची कारणे लिहून पुरवठादाराला पत्राने कळवावे आणि देयक स्वीकारलेल्या नगांपुरतेच मर्यादित ठेवावे. जेम (शासकीय खरेदीचे ऑनलाइन) पोर्टलवरील खरेदीत हाच क्रम दोन प्रमाणपत्रांत विभागलेला आहे. पीआरसी ही माल पोहोचल्याची तात्पुरती पावती असते, तर सीआरएसी हे तपासणीनंतरचे स्वीकृतीचे प्रमाणपत्र असते. सीआरएसीसाठी साधारणतः दहा दिवसांची मुदत मिळते, म्हणून दोन्ही एकाच बैठकीत उरकण्याचे कारण नाही.

नोंद तपासणीच्या दिवशीच घ्यावी. कागद, शाई, फिनेल यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत जातात. कपाट, खुर्ची, संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत. ग्रामपंचायतीत यांसाठी अनुक्रमे नमुना 15 आणि नमुना 16 ठरवून दिलेले आहेत. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान द्यावे आणि त्यावर आदेश क्रमांक, चलन व देयकाचा क्रमांक आणि तारीख, पुरवठादार, परिमाण, दर, एकूण किंमत, वाटप आणि शिल्लक लिहावी. देयक अद्याप आले नसेल तर तो रकाना मोकळा ठेवून पुढे भरावा, पण त्यासाठी नोंद अडवून धरू नये. चूक झाल्यास एका रेघेने खोडून शेजारी सही करावी. पांढरी शाई दिसली की लेखापरीक्षकाची नजर तेथेच अडते. जडवस्तूवर नोंदवहीचा पृष्ठ व अनुक्रमांक रंगवावा किंवा चिकटवावा.

यानंतरच देयकावर ‘साहित्य आदेशाप्रमाणे प्राप्त झाले, साठा नोंदवही पृष्ठ क्रमांक अमुक वर नोंद घेतली’ असे प्रमाणपत्र लिहून ते आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (रक्कम काढून देयके अदा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पाठवावे. पृष्ठ क्रमांकाची जागा कोरी असलेले देयक त्या अधिकाऱ्याने परत करणेच योग्य. पुढील प्रत्येक वाटप मागणीपत्रावर आणि घेणाऱ्याच्या सहीनेच व्हावे, अगदी दोन पेनांचे असले तरी.

वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी. केंद्र शासनाच्या कार्यालयांना 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनी ती बंधनकारक केलेली आहे. पडताळणी भांडारपालाने स्वतः करू नये, पण त्याच्यासमोर व्हावी. मोडकी खुर्ची अडगळीत पडली असली तरी निर्लेखनाचा (वस्तू साठ्यातून कमी करण्याचा) आदेश होईपर्यंत ती नोंदवहीत शिल्लकच धरावी आणि पडताळणी करणाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावी.