इंदुरात थ्रीडी ॲनिमेशन बघायचंय? आधी खुर्ची निवडा

थ्रीडी बघून आलेला माणूस "डोकं दुखलं, मजा नाही आली" म्हणतो, तेव्हा दोष बहुतेकदा सिनेमाचा नसतो. खुर्ची कोपऱ्यातली असते, नाहीतर चष्म्याच्या काचेवर आधीच्या शोमधल्या कुणाचा तेलकट हात लागलेला असतो. दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, आणि अर्धं काम तर तिकीट काढतानाच होतं.

थ्रीडीची सुरुवात करायची तर ॲनिमेशनपासूनच करावी. कॅमेऱ्याने घेतलेल्या पुष्कळ सिनेमांत चित्र एकच घेतलेलं असतं आणि दुसऱ्या डोळ्याचं चित्र मागाहून ओढूनताणून बनवतात. केसांच्या बटा, धूर, पाऊस अशा जागी ते उघडं पडतं. कॉम्प्युटर ॲनिमेशनमध्ये अख्खा सेट कॉम्प्युटरात उभा असतो, त्यामुळे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन खरीखुरी चित्रं काढता येतात. माणसाच्या दोन बुबुळांतलं अंतर सरासरी ६३ ते ६५ मिलिमीटर. ॲनिमेशनवाले मात्र कॉम्प्युटरातल्या दोन काल्पनिक कॅमेऱ्यांतलं अंतर शॉटगणिक बदलतात. मुंगीच्या उंचीवरचा शॉट असेल तर अगदी थोडं, डोंगरदरी असेल तर कित्येक पट जास्त. म्हणून दरी खरंच खोल वाटते. हाताने काढलेल्या जुन्या सिनेमाची थ्रीडी आवृत्ती आली असेल तर मात्र टूडीच बघा. सपाट चित्रांचे थर मागेपुढे लावल्यासारखं दिसतं ते.

तिकीट काढताना

ॲपवर एकाच सिनेमाखाली हिंदी टूडी, हिंदी थ्रीडी, इंग्रजी थ्रीडी असे वेगवेगळे शो दिसतात. घाईत टूडीचं तिकीट निघतं आणि दारात वाद होतो, तेव्हा पैसे भरण्याआधी ती ओळ पुन्हा वाचा. चष्म्याचे पैसे तिकिटात धरलेत की वेगळे, हेही त्याच पानावर कळतं. मराठी डब इंदुरात क्वचितच लागतो, आणि घरी मराठी बोलणाऱ्या इथल्या पोरांनाही हिंदी डब परका नाही. लहान मुलं असतील तर हिंदीच घ्या. इंग्रजीत सबटायटल असतील तर ती पडद्याच्या पुढे कुठेतरी तरंगतात. डोळा सारखा अक्षरांवरून चित्रावर आणि चित्रावरून अक्षरांवर उडी मारतो आणि लवकर दमतो.

पहिल्या आठवड्यातच जा. नवा सिनेमा आला की शो कमी होतात, आणि त्यात बहुधा थ्रीडीवरच आधी गदा येते.

आता खुर्ची. पडद्यावर दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांपासून सरकवलेली असतात. पुढे येणाऱ्या वस्तूसाठी ती साडेसहा सेंटिमीटरने, म्हणजे दोन डोळ्यांतल्या अंतराएवढी, उलट्या बाजूंना (डाव्या डोळ्याचं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे) सरकलेली असतील, तर ती वस्तू बघणारा आणि पडदा यांच्या बरोबर मध्यावर दिसते. पडद्यापासून ६ मीटरवर बसलेल्याला ती ३ मीटर बाहेर आलेली दिसेल, १४ मीटरवर बसलेल्याला ७ मीटर. "जवळ बसलं की अंगावर जास्त येतं" ही समजूत साफ उलटी आहे. पुढच्या रांगेत डोळ्यांना ताण जास्त आणि खोली कमी. मग सगळ्यात मागे का नको? तिथून पडद्याच्या चारही कडा नजरेत येतात, आणि अंगावर येणारा पक्षी कडेला कापला गेला की मेंदू त्याला परत पडद्यात ढकलतो. तेव्हा पडद्यापासून मोजून साधारण दोन-तृतीयांश मागे, आणि रांगेच्या मधल्या सहा-आठ खुर्च्यांपैकी एक.

मधल्याच का, याला आणखी एक कारण आहे. आपण सिनेमाला रूपेरी पडदा म्हणतो, पण साधा पडदा पांढरा असतो. पोलराइज्ड थ्रीडीला, म्हणजे दोन डोळ्यांची चित्रं वेगवेगळ्या तऱ्हेने कंप पावणाऱ्या प्रकाशात दाखवून चष्म्याने वेगळी करणाऱ्या पद्धतीला, मात्र पडदा खरोखरच रूपेरी लागतो, ॲल्युमिनियमचा लेप दिलेला, कारण पांढऱ्या पडद्यावर आपटल्यावर प्रकाशाची ही तऱ्हा, म्हणजे पोलरायझेशन, विस्कटतं. हा चंदेरी लेप उजेड समोर जास्त फेकतो, बाजूला कमी. कडेला बसलं की चित्र मंद दिसतं आणि सगळ्या वस्तू आपल्याकडे कललेल्या वाटतात. त्यात थ्रीडीला उजेड आधीच तुटपुंजा: टूडीसाठी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) हा मापदंड, तर थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत पुष्कळदा साडेचारच्या आसपासच पोचतो. एम. जी. रोडवरचा मॉल असो की बायपासवरचा, ॲपवरच्या खुर्च्यांच्या नकाशातली रांगांची अक्षरं सगळीकडे एकाच दिशेने चालतात असं धरू नका. कुठे ए पुढे असतो, कुठे मागे. "पडदा इकडे" ही खूण बघा. मधलं काही उरलं नसेल तर दुसरा शो बघा, नाहीतर टूडी. पुढच्या कोपऱ्यातलं थ्रीडी कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये.

चष्मा हातात आल्यावर

हलका, बिनबॅटरीचा चष्मा म्हणजे पोलराइज्ड. जड, फ्रेममध्ये बॅटरी असलेला म्हणजे शटरचा. तो डावी-उजवी काच आळीपाळीने बंद करतो, आणि त्याला पांढरा पडदाही चालतो. शटरवाल्यात नाकाच्या वरच्या बाजूला सिग्नल घेणारा डोळा असतो. त्यावर केस किंवा टोपी आली की चित्र लुकलुकतं. लुकलुक थांबली नाही तर बॅटरी संपत आलीय, चष्मा लगेच बदलून घ्या.

बिनबॅटरीच्या चष्म्याची परीक्षा वॉशरूमच्या आरशासमोर होते. चष्मा लावून एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काच आरशात काळी दिसली आणि मिटलेल्या डोळ्यासमोरची स्वच्छ, तर चष्मा गोलाकार पोलरायझेशनचा. उलट दिसलं तर सरळ रेषेतल्या पोलरायझेशनचा. फरक महत्त्वाचा आहे. सरळवाल्यात मान शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकवली की एकाची दोन चित्रं दिसू लागतात. गोलाकारवाला मान थोडी कलली तरी सांभाळून घेतो. दोन्ही काचा सारख्याच दिसल्या तर बदलून मागा.

काच पुसायला घरून जुन्या मऊ सुती धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा न्या. पॉपकॉर्नच्या काउंटरवरचा कागदी रुमाल नको, प्लास्टिकवर चरे पडतात आणि लोणी पसरतं ते वेगळंच. सॅनिटायझरही थेट ओतू नका. नंबरचा चष्मा असेल तर तो आत, थ्रीडीचा वर. लांबचं दिसायचा नंबर असताना नुसता थ्रीडी चष्मा लावून बसणं म्हणजे पैसे पाण्यात. लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी लेन्सच घाला. लहान मुलांना मोठ्यांचा चष्मा नाकावरून घसरतो. छोट्या मापाचा मागा. मिळाला नाही तर दोन्ही काड्यांना मागून केसांचा रबर बांधा.

अंधारात काय बिघडतं

सिनेमा सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तपासणी करा, जाहिरातींवर नको, त्या बहुतेक टूडी असतात. चष्मा काढून बघा: कडा दुहेरी दिसायला हव्यात. सगळं अगदी एकेरी असेल तर टूडी प्रिंट चाललीय. आता चष्मा लावून एक-एक डोळा मिटा. प्रत्येक डोळ्याला एकेरी चित्र दिसायला हवं. तरीही दुहेरीच दिसलं तर प्रोजेक्टरसमोरचं पोलरायझेशनचं उपकरण जागेवर नाही. एकाच प्रोजेक्टरवर चालणाऱ्या अशा यंत्रणेत ते सेकंदाला १४४ वेळा दिशा बदलतं: २४ फ्रेम, दोन डोळे, आणि प्रत्येक चित्र तीनदा.

तिसरा घोटाळा लवकर लक्षात येत नाही. डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला गेलं की मागचा डोंगर पुढे आणि पुढचा माणूस भोकात बसल्यासारखा दिसतो. चित्र "विचित्र" वाटतं, पण का ते सांगता येत नाही. अशा वेळी चष्मा उलटा धरा, वरची कड खाली. डावी-उजवी काच बदलली जाते. उलट्या चष्म्यातून सगळं जागेवर आलं, तर चूक प्रोजेक्शनची आहे. बाहेरच्या कर्मचाऱ्याला नेमकं एवढंच सांगा: "लेफ्ट-राइट उलटे आ रहे हैं।" नुसतं "थ्रीडी बराबर नहीं है" म्हटलं तर उत्तर मिळतं, चष्मा पोंछ लो.

काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती पुसट दुसरा चंद्र दिसणं मात्र थोडं चालायचंच. एका डोळ्याचा उजेड दुसऱ्यात किंचित गळतोच.

डोकं आणि मुलं

डोळे वस्तूच्या जागी वळतात, पण फोकस मात्र पडद्यावरच ठेवावा लागतो. रोजच्या बघण्यात हे दोन्ही एकत्र चालतात, इथे त्यांची फारकत होते, म्हणून ताण येतो. उपाय साधा आहे: दिग्दर्शकाने जे स्पष्ट ठेवलंय तिकडेच बघा, मागचं धूसर झाड निरखत बसू नका. मळमळलं तर चष्मा काढण्याआधी डोळे मिनिटभर मिटा. मध्यंतरात चष्मा काढून लॉबीच्या लांबच्या टोकाकडे बघा, मोबाइलकडे नाही. आणि तळलेले गराडू पोटभर खाऊन उडत्या ड्रॅगनच्या पाठीवर बसू नका. सराफ्यातला खाऊबाजार रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, शो सुटल्यावर जा.

मुलांच्या वयाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. फ्रान्सच्या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये ६ वर्षांखालच्यांना थ्रीडी दाखवू नये असं म्हटलं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं, इजा होते असा पुरावा नाही. पाच वर्षांच्या पोराला तासभर चष्मा सांभाळवतच नाही, त्याला टूडीच बरा. मोठं मूल "मला काही वेगळं दिसत नाही" म्हणालं, तर त्याला हट्टी ठरवू नका. एक डोळा आळशी, म्हणजे दुसऱ्यापेक्षा कमजोर, असेल तर थ्रीडी बहुधा नीट दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

चष्मा विकत घेतला असेल तर डबीत घालून घरी ठेवा, कारच्या डॅशबोर्डवर नको. मे महिन्याच्या उन्हात पोलरायझेशनची पापुद्र्यासारखी फिल्म फुगते आणि पुढच्या शोला काचेत इंद्रधनुष्य दिसतं.