जुन्या संगणकात पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त मेमरी कशी बसवावी

परभणीतील माझ्या डीटीपीच्या दुकानात एक पेंटियम थ्री संगणक आजही रोज सुरू होतो. वीसेक वर्षांतल्या लग्नपत्रिका, गावोगावच्या हरिनाम सप्ताहांची कार्यक्रमपत्रके आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधील शेकडो फाइली त्यावर आहेत. त्या फॉन्टचे सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टमध्ये डोंगल (परवाना तपासणारी छोटी डबी) खोचल्याशिवाय उघडत नाही आणि विंडोज ९८ सोडून दुसरीकडे ते धड चालत नाही. मूळच्या १२८ एमबी मेमरीवर पत्रिकेचा मजकूर सहज जुळतो. मात्र वधूवरांचा मोठा स्कॅन केलेला फोटो त्यात ठेवला की हार्ड डिस्क अखंड कुरकुरत राहते आणि गिऱ्हाईक खुर्चीत चुळबुळ करू लागते. बोर्डाच्या पुस्तिकेत ३८४ एमबी ही कमाल मर्यादा छापलेली आहे. आज या संगणकात ७६८ एमबी आहे.

मर्यादा या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि आपल्याला नेमकी कोणती अडवते आहे हे पैसे खर्च करण्याआधी ठरवावे लागते. पुस्तिकेतला आकडा बहुधा त्या दिवशी बाजारात मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या स्टिकला (मेमरीच्या पट्टीला) स्लॉटच्या (ती खोचायच्या जागांच्या) संख्येने गुणून काढलेला असतो. माझ्या बोर्डावर आहे तो इंटेलचा ४४०बीएक्स हा चिपसेट (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप) एप्रिल १९९८ मध्ये आला, तेव्हा सर्वसाधारण गिऱ्हाइकाला मिळणारी मोठी स्टिक १२८ एमबीची होती. तीन स्लॉट, म्हणून ३८४. चिपसेट स्वतः एका स्लॉटमध्ये २५६ एमबी आणि चार स्लॉट मिळून १ जीबी ओळखू शकतो. म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेपेक्षा चिपसेटचा क्रमांक आधी शोधावा. तो बोर्डावरच्या मोठ्या चौकोनी चिपवर छापलेला असतो आणि वर हीटसिंक चिकटवलेला नसेल तर बॅटरीच्या उजेडात सहज वाचता येतो. चिपसेटची मर्यादा मात्र कोणत्याही युक्तीने हलत नाही. २००० साली आलेला ८१५ हा चिपसेट बीएक्सपेक्षा नवा असूनही ५१२ एमबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी तेवढ्यावरच थांबावे.

यापुढची अडचण चिपच्या घनतेची असून बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. माझेही बुडाले. छत्रपती संभाजीनगरात जुना माल विकणाऱ्या एका दुकानदाराकडून मी २५६ एमबीची पीसी१३३ (१३३ मेगाहर्ट्झ वेगाची) स्टिक आणली, घरी येऊन बसवली, आणि बायोसने (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामने) ती १२८ एमबी मोजली. स्टिक खराब नव्हती. तिच्या एकाच बाजूला आठ चिप होत्या, म्हणजे प्रत्येक चिप ३२ एमबीची, तंत्रज्ञांच्या भाषेत २५६ मेगाबिटची. अशा चिपमधली सगळी जागा गाठण्यासाठी रो-पत्त्याच्या (चिपमधली ओळ दाखवणाऱ्या पत्त्याच्या) तेरा तारा लागतात. बीएक्स बाराच तारांवर पत्ता पाठवतो, म्हणून निम्मी चिप त्याला दिसतच नाही. तीच २५६ एमबी दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपमध्ये विभागलेली असेल, तर प्रत्येक चिप १२८ मेगाबिटची होते आणि बीएक्स ती पूर्ण वाचतो. ईसीसी (मेमरीतली चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या) प्रकारच्या स्टिकवर आठाच्या जागी नऊ आणि सोळाच्या जागी अठरा चिप असतात, हिशेब तोच.

चिप मोजल्यावर त्यांच्यावरचा क्रमांकही भिंगाखाली वाचावा. मायक्रॉनच्या चिपवर ‘४८एलसी१६एम८’ असे असेल तर १६ मेगा गुणिले ८, म्हणजे १२८ मेगाबिट, ती घ्यावी. ‘४८एलसी३२एम८’ असेल तर ती २५६ मेगाबिटची आहे, बीएक्ससाठी टाळावी. दुकानदार स्टिकवरचा कागदी लेबल दाखवतो, पण लेबल बदललेले असू शकते. माझी ती आठ चिपची स्टिक पुढे ८१५ च्या एका संगणकात बसवली आणि तिथे पूर्ण २५६ एमबी दिसली, त्यामुळे ती अगदीच वाया गेली असे म्हणता येणार नाही.

ज्यांचा संगणक याहूनही जुना, म्हणजे पेंटियम किंवा पेंटियम एमएमएक्सचा आहे, त्यांना एक वेगळाच अनुभव येतो: मेमरी वाढवल्यावर यंत्र मंदावते. इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट २५६ एमबी मेमरी स्वीकारतो, पण बोर्डावरची एल२ कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी) फक्त पहिल्या ६४ एमबीवर काम करते. विंडोज ९८ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला सुरुवात करते, त्यामुळे नेमका कॅश नसलेला भागच आधी भरतो. ४३०व्हीएक्सची कॅशही ६४ एमबीपुरतीच असते. ४३०एचएक्स असलेल्या बोर्डावर जादा टॅग रॅमची (कॅशमध्ये काय आहे याची नोंद ठेवणारी) चिप बसवलेली असेल तर ५१२ एमबीपर्यंत कॅश मिळते. एएमडीच्या के६-३ सारखा, एल२ कॅश आपल्याच पोटात असलेला प्रोसेसर बसवणे हा दुसरा उपाय. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर माझ्या मते ६४ एमबीवर समाधान मानणे शहाणपणाचे. या बोर्डांत ७२ पिनांच्या सिम (जुन्या धाटणीच्या मेमरी पट्ट्या) असतील तर त्या जोडीनेच बसवाव्या लागतात, कारण एक सिम ३२ बिटांची आणि प्रोसेसरची वाट ६४ बिटांची असते.

आता प्रत्यक्ष बसवणे. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा आणि अंगावर टेरीकॉटचा शर्ट असला की दाराच्या कडीलाही चटका बसतो. तसाच चटका चिपला निकामी करतो आणि आपल्याला तो जाणवतही नाही. सुती कपडे घालावेत, पायाखाली सतरंजी नसावी आणि स्टिक हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून तो अधूनमधून तसाच लावत राहावे. एटीएक्स संगणकात बटण बंद असतानाही बोर्डावर ५ व्होल्ट चालूच असतात, म्हणून मागची वायर काढून पुढचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मगच स्लॉटला हात घालावा. धूळ फुंकून काढू नये, तोंडातली वाफ आत जाते; मऊ ब्रश वापरावा. स्टिकचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलके घासून भुकटी झटकावी. पेट्रोल किंवा थिनर वापरणारे कारागीर मी पाहिले आहेत, त्यांना आपले यंत्र देऊ नये. स्टिकवरच्या दोन खाचा स्लॉटच्या उंचवट्यांशी जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला, की बाजूच्या पांढऱ्या कड्या आपोआप आत वळून टक असा आवाज येतो. आवाज एकाच बाजूने आला तर स्टिक तिरकी बसली आहे, तशा स्थितीत यंत्र सुरू करू नये.

विंडोज ९८ वापरणाऱ्यांनी मात्र स्टिक बसवण्याआधी एक काम उरकावे. मेमरी ५१२ एमबीच्या वर गेली की ही प्रणाली फाइल कॅशसाठी (डिस्कवरच्या फाइली मेमरीत हाताशी ठेवण्यासाठी) इतकी जागा राखून ठेवते की इतरांना पत्ते उरत नाहीत, आणि पडद्यावर चक्क मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. म्हणून जुनी मेमरी असतानाच सिस्टिम डॉट आयएनआय (system.ini) ही फाइल नोटपॅडमध्ये उघडावी, तिची एक प्रत बाजूला ठेवावी आणि व्हीकॅश ([vcache]) या चौकटी कंसातल्या विभागाखाली MaxFileCache=262144 अशी ओळ इंग्रजीत, शब्दांत जागा न सोडता लिहावी. हा आकडा केबीमध्ये, म्हणजे २५६ एमबी आहे. तरीही अडले तर ३८६ईएनएच ([386Enh]) या विभागात MaxPhysPage=30000 लिहिता येते. हा आकडा सोळाच्या पायाचा असून ४ केबीची १,९६,६०८ पाने, म्हणजे ७६८ एमबी, असा त्याचा अर्थ होतो. घाईत स्टिक आधी बसवली असेल आणि विंडोज उघडत नसेल, तर नवी स्टिक काढून हेच काम करावे. काही बिघडत नाही.

नंतरची चाचणी टाळू नये. मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम सीडीवरून सुरू करून किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी; लोडशेडिंगची वेळ पाहूनच सुरुवात करावी, नाहीतर मध्येच वीज जाऊन फेरी पहिल्यापासून करावी लागते. लाल ओळ, म्हणजे चूक, दिसली तर स्टिक लगेच टाकाऊ ठरवू नये. सगळे स्लॉट दोन्ही बाजूंच्या स्टिकने भरले की चिपसेटवरचा भार वाढतो, म्हणून बायोसमध्ये कॅस लेटन्सी (मेमरीला उत्तर द्यायला मिळणारा वेळ, घड्याळाच्या ठोक्यांत) २ ऐवजी ३ करून पुन्हा पाहावे. माझ्या तीन स्टिक २ वर दर फेरीत चुकत होत्या, ३ वर पूर्ण रात्रभर चुकल्या नाहीत.

कोअर २ च्या काळातील लॅपटॉपलाही चिपसेटच्या मर्यादेचा हाच नियम लागू आहे. ९४५ चिपसेटमध्ये ४ जीबी बसवली तरी साधारण ३ जीबीच वापरता येते, त्यामुळे तिथे जास्त खर्च करू नये. ९६५ चिपसेटच्या थिंकपॅड टी६१ किंवा एक्स६१ मध्ये कंपनीने ४ जीबी सांगितली असली, तरी ४ जीबीच्या दोन डीडीआर२ स्टिक, म्हणजे ८ जीबी, चालतात. प्रणाली मात्र ६४ बिटांची हवी.

काम संपल्यावर कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवतो. कोणत्या स्लॉटमध्ये कोणती स्टिक, तिच्यावर किती चिप, बायोसमधली कॅसची संख्या, सिस्टिम डॉट आयएनआयमध्ये घातलेल्या ओळी आणि सीआर२०३२ सेल बदलल्याची तारीख, एवढे त्यावर असते. सेल संपला की बायोस सगळे विसरते आणि कॅस पुन्हा २ वर जाऊन बसते, तेव्हा ती चिठ्ठीच उपयोगी पडते.