कॅथलिक एलिमेंटरी शाळेचा अभ्यासक्रम आणि रिझल्ट कसा तपासायचा (अमेरिकेतल्या पालकांसाठी)

ओपन हाऊसला गेलात की शाळा भारीच वाटणार. युनिफॉर्म, शिस्त, प्रेमळ टीचर, सगळं झकास. पण शिकवतात काय आणि मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात हे खोदून विचारल्याशिवाय कळत नाही.

आधी अभ्यासक्रम बघा. तो बहुतेक ठिकाणी डायोसीसचं (म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्च-विभागाचं) शाळांचं ऑफिस ठरवतं, त्यामुळे त्यांच्या साइटवर इयत्तेनुसार स्टँडर्ड्स शोधा, नाही सापडले तर प्रिन्सिपलकडे मागा. मॅथ, रीडिंग, सायन्स बरंचसं पब्लिक स्कूलसारखंच, वर रिलिजनचा तास आणि साधारण आठवड्यातून एकदा मास, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना. मूल कॅथलिक नसलं तरी या दोन्हीला बसावं लागतं हे धरूनच चला. दुसरीत फर्स्ट कम्युनियनची (कॅथलिक मुलांचा एक महत्त्वाचा धार्मिक विधी) तयारी जोरात असते, तेव्हा बाकीच्या मुलांना काय करायला देता हे विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. उत्क्रांती शिकवतात का ही शंका मात्र काढून टाका, चर्चचा तिला विरोध नाही, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच ती निव्वळ गृहीतक राहिलेली नाही असं म्हटलं होतं.

आता रिझल्ट, खरी गंमत इथे आहे. बऱ्याच राज्यांत खाजगी शाळांना राज्याची टेस्ट सक्तीची नाही, म्हणून रेटिंगच्या साइटवर यांचे आकडे सापडतच नाहीत. मग कुठली टेस्ट घेता ते विचारा. बऱ्याच शाळा मॅप ग्रोथ घेतात, काॅम्प्युटरवर, वर्षातून दोन-तीनदा, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. रिपोर्टवर पर्सेंटाइल असतं, ते टक्के नाहीत हं! ६२ पर्सेंटाइल म्हणजे ६२ टक्के मार्क नव्हे, तर देशभरातल्या त्याच इयत्तेच्या १०० मुलांत साधारण ६२ जणांच्या पुढे.

त्याच्या शेजारी ग्रोथचा आकडा असतो आणि माझ्या मते तोच बघायचा, कारण हुशार मुलंच घेतली तर सरासरी उंच येणारच, त्यात शाळेनं काय केलं? मूल फॉलमध्ये कुठे होतं आणि स्प्रिंगमध्ये कुठे पोचलं हे ग्रोथमधून दिसतं. एकाच वर्षाचा आकडा घेऊ नका, वर्गात पंधरा मुलं असतील तर दोन मुलं शाळा सोडून गेली तरी सरासरी हलते, तीन वर्षांचे मागा.

'नेपमध्ये (NAEP, देशभरातल्या निवडक मुलांची सरकारी चाचणी) कॅथलिक शाळा पुढे' असं ब्रोशरमध्ये असेल तर ते खरं आहे, २०२२ मध्ये चौथी आणि आठवी दोन्हीकडे त्यांची सरासरी पब्लिकपेक्षा जास्त होती. पण नेपमध्ये एकेका शाळेचा निकाल देतच नाहीत, आणि फी भरणारी घरं मुळातच वेगळी, तेव्हा त्यावरून तुमच्या समोरच्या शाळेबद्दल काहीच कळत नाही.

मुलाला आयईपी (IEP, खास गरजा असलेल्या मुलासाठी पब्लिक स्कूल करून देते ती सेवांची लेखी योजना) असेल तर जास्त सावध राहा, आपण स्वतःहून खाजगी शाळेत घातलं की त्या सगळ्या सेवांचा हक्क तसाच राहत नाही, फार तर सर्व्हिस प्लॅन, म्हणजे मर्यादित सेवांची योजना मिळते. शाळेत रिसोर्स टीचर (अशा मुलांना जादा मदत करणारी शिक्षिका) आहे का, किती दिवस येते, हे ॲडमिशनआधी लेखी घ्या.

आणि आठवी झालेली मुलं कुठल्या हायस्कूलला गेली ती यादी मागा, शाळा खुशीनं देतात, सोबत आठवीत अल्जेब्रा वन केलेल्यांपैकी किती जणांना ते नववीत परत करावं लागलं तेही विचारा.