काका ट्रस्टी आणि हिशेब गायब: कौटुंबिक ट्रस्टच्या वादात या चुका टाळा

आजोबांनी इमारत ट्रस्टमध्ये टाकली, थोरल्या काकांना ट्रस्टी केलं, नातवंडांना लाभार्थी. आजोबा गेले, भाडं येत राहिलं, हिशेब कुणी विचारला नाही. मग एक दिवस कळतं की तळमजल्याचा गाळा काकूंच्या नावावर झालाय. राग येणारच. पण त्या रागाच्या भरात माणसं बहुतेक वेळा चुकीच्या कचेरीत जाऊन बसतात.

ट्रस्ट म्हटलं की धर्मादाय आयुक्त, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. त्यांचा अधिकार देवळं, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ट्रस्टवर. ठरावीक नातेवाइकांच्या भल्यासाठी केलेला खासगी ट्रस्ट १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली येतो आणि त्याची दाद दिवाणी न्यायालयात मागायची असते. डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या मूळ दस्तऐवजात, ‘वाद लवादाकडे न्यावा’ असं कलम असलं तरी त्यावर विसंबू नका. अशा ट्रस्टमधले ट्रस्टी-लाभार्थींचे वाद लवादाकडे नेता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय.

पोलीस चौकी हा दुसरा आवडता पत्ता. फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा आहेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली. पण तिथे अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो आणि हातात कागद नसेल तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर ठरलेलं. दिवाणी दाव्यात हेतूचं ओझं नाही. ट्रस्टीने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेतो तेवढी काळजी घेतली नाही आणि त्यातून नुकसान झालं, एवढंही पुरू शकतं.

आरोप आधी, हिशेब नंतर

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तुम्ही खाल्लं’ असं लिहिण्याने काका सावध होतात, बाकी काही हाती लागत नाही. हिशेब नीट ठेवणं आणि लाभार्थीने मागितल्यावर पूर्ण माहिती देणं हे विश्वस्त कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ट्रस्टीचं कर्तव्य आहे. डीड, हिशेब आणि मालमत्तेचे कागद पाहून नकला घेण्याचा हक्क कलम ५७ देतं. म्हणून पोचपावती मिळेल असं साधं, शांत भाषेतलं पत्र पाठवा. बँकेचे उतारे, भाडेकरार, भाडेपावत्या, मालमत्ता कराची बिलं, प्राप्तिकर विवरणपत्रं, असं एकेक नाव घेऊन मागा. उत्तर आलं नाही तर ते मौनही पुढे न्यायालयात दाखवता येतं.

पत्र धाडण्याआधी मालमत्तेचा इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा सरकारी उतारा) आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक गुपचूप काढून ठेवा. खरेदीखत कधी आणि कुणाच्या नावाने झालं, हे काकांनी सांगायची वाट पाहावी लागत नाही.

‘नुसती सही कर’

गणपतीत सगळे जमलेले असतात आणि जेवणानंतर एक कागद फिरतो. ‘झालेल्या सर्व व्यवहारांना आमची संमती आहे.’ वाचल्याशिवाय सही करू नका. सज्ञान लाभार्थीने दबावाशिवाय विश्वासभंगाला, म्हणजे ट्रस्टीने कर्तव्य मोडण्याला, साथ दिली, किंवा सगळं माहीत झाल्यावर तो मान्य केला, तर कलम २३ प्रमाणे त्याला नंतर तक्रार करता येत नाही. बाकीच्यांचा हक्क मात्र शाबूत राहतो. अल्पवयीन मुलाच्या संमतीला तर अर्थच नाही.

आता काकांची ठरलेली उत्तरं. ‘मी दुसऱ्या गुंतवणुकीत फायदा करून दिलाय की!’ एका भंगातला तोटा दुसरीकडच्या फायद्यातून वळता होत नाही (कलम २४). ‘मी राजीनामा दिला.’ एकदा स्वीकारलेलं विश्वस्तपद असं एकतर्फी सोडता येत नाही. शिवाय नुकतंच पद सोडलेल्या माणसालाही जिल्हा पातळीवरच्या मुख्य दिवाणी न्यायालयाच्या परवानगीविना ट्रस्टची मालमत्ता विकत किंवा भाडेपट्ट्याने घेता येत नाही. ‘वीस वर्षं झाली, मुदत संपली.’ मुदत कायद्याच्या कलम १० प्रमाणे ट्रस्टीविरुद्ध, आणि त्याच्या पश्चात वारसांविरुद्धही, ट्रस्टची मालमत्ता व तिचा हिशेब मागायला मुदतीचा अडसर नाही. मोबदला देऊन विकत घेणाऱ्या तिऱ्हाइताला मात्र हा नियम लागू नाही. स्थावराचा ताबा त्याच्याकडून मागायचा तर विक्री कळल्यापासून १२ वर्षं.

आत्याही सहट्रस्टी असेल तर तिलाही विसरू नका. तिने काही घेतलं नसेल, पण भंग होतोय हे कळूनही ती गप्प बसली असेल तर तीही जबाबदार. आत्याला दुखवायचं नाही म्हणून तिला दाव्यातून वगळणं नात्याला बरं, वसुलीला वाईट.

काकांनी स्वतःच गाळा घेतला असेल तर तो परत मिळवता येतो, पण फुकट नाही. त्यांनी खरोखर भरलेली रक्कम व्याजासह फेडावी लागते. त्यांनाही मिळालेल्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो. नाव काकूंचं असेल तर पैसा कुणाच्या खात्यातून गेला, हे आधी शोधा.

मालमत्ता अजून ट्रस्टच्या नावावर असेल तर घाई करा. ट्रस्टची कल्पना नसताना पूर्ण मोबदला देऊन प्रामाणिकपणे घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज लावा, भाडं कुठे जातंय कळत नसेल तर रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस, मागा. आणि महाराष्ट्रात आणखी एक काम राहतं. दावा दाखल केला एवढ्याने पुढचा खरेदीदार बांधला जातो असं समजू नका, प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी लागते. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, ही नोटीस कधी नोंदवणार.