घरातला जुना वीजबोर्ड केव्हा बदलावा?

जुन्या घरांत मीटरशेजारी लाकडी बोर्डावर लोखंडी मेन स्विच आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आजही दिसतात. ही मांडणी दिवे, पंखे आणि फार तर एखाद्या इस्त्रीसाठी होती. त्याच बोर्डावर आता 2000 वॅटचा गीझर, तेवढ्याच क्षमतेची इंडक्शन शेगडी आणि साधारण 1600 वॅट ओढणारा एसी एकाच वेळी चालला, तर भार 5600 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 24 अँपिअर होतो. म्हणून आधी एकदम चालणाऱ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करावी आणि ती वीजबिलावरील मंजूर भाराशी ताडून पाहावी. बेरीज जास्त भरली, तर नुसता बोर्ड बदलून भागत नाही. वीजकंपनीकडे भारवाढीचा अर्जही करावा लागतो.

जळका वास, तपकिरी पडलेला स्विच, बोर्डातून येणारी गुणगुण किंवा पावसाळ्यात बोर्डामागे ओल धरणारी भिंत, यांपैकी काहीही आढळल्यास मेन बंद करून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. काही दिवे मंदावत असताना दुसरे एकाएकी प्रखर होत असतील, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाल्याची दाट शक्यता असते आणि अशा वेळी उपकरणे जळतात.

एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा आणि प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला की लगेच बोर्डाला दोष देऊ नये. काही मिनिटांनी पडत असेल तर बहुधा त्या लाइनवर भार जास्त आहे. चढवताक्षणी पडत असेल तर बहुधा शॉर्ट सर्किट आहे. त्या लाइनवरचे सर्व प्लग काढून तो चढवावा आणि मग एकेक उपकरण जोडत जावे. एकाच उपकरणाने तो पडत असेल तर दुरुस्ती त्या उपकरणाची करायची आहे, आणि बोर्डाचा खर्च वाचतो.

सतत पडणाऱ्या 16 अँपिअरच्या एमसीबीच्या जागी 32 चा बसवणे हा मात्र घातक उपाय आहे. एमसीबीचे अँपिअर भिंतीतल्या तारेच्या जाडीवरून ठरतात. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर 32 चा एमसीबी बसवला, तर तार तापून तिचे आवरण वितळू लागले तरी तो पडणार नाही. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार पिळून घातल्यावरही हेच होते.

बाकी सर्व ठीक असले, तरी बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) नसेल तर माझ्या मते तेवढ्या एका कारणासाठी बोर्ड बदलावा. गीझरच्या गळक्या कॉइलमधून माणसाच्या अंगातून वाहणारा प्रवाह फ्यूजला किंवा एमसीबीला कळतच नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो नगण्य असतो. आरसीसीबी मात्र क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावे, कारण आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंगची गरज संपत नाही.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावे, प्रत्येक एमसीबीवर खोलीचे नाव लिहून घ्यावे, आणि तो निघण्यापूर्वी आरसीसीबीवरील ‘टी’ बटण त्याच्यासमोर दाबून वीज खरोखर जाते का, हे स्वतः पाहावे.